बाबांच्या वाटेने, गुडघ्यांसकट

पेण, २१ जानेवारी १९९७

ती. सिपोराबाय हिस,

धाकट्या एलियासचा शालोम आणि नमस्कार, दोन्ही पोचावेत. तुझी साखर कशी आहे? भावजींचा खोकला? नातवंडांना मराठी येत नाही म्हणतेस, तर निदान रागावताना तरी मराठीतून रागावत जा. इकडे मी ठणठणीत आहे. (गुडघ्यांमुळे विमानाच्या पायऱ्या चढवणार नाहीत, असं मी दिवाळीत लिहिलं होतं. पुढचं वाचताना ते मनात आणू नकोस.)

तू लिहिलंस, आता कायमचा इकडे ये, सोबतच्या फॉर्मवर सही कर, आणि गावाला जाऊन बाबांच्या कबरीवरची मूठभर माती पाठव. तीही एस्टीने जाऊन नाही, बाबा तेलाचे डबे घेऊन यायचे त्या डोंगरवाटेने! तिथे बसून हुकूम सोडायला तुझं काय जातंय? सोबतीला मोरू आला (तोच गो, आपल्या घाण्याच्या बैलामागे आपल्याबरोबर गोल गोल फिरणारा, अजून गावातच असतो). त्याने शनिवार ठरवला होता. मी म्हटलं, अरे, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्याला शनिवारीच डोंगर चढवतोस? मग रविवारी उजाडता उजाडता गागोदे बुद्रुकहून निघालो.

पहिला तासभर वालाच्या शेतांतून बांधाबांधाने अगदी वरातीसारखे गेलो. पुढे ओढा लागला. मोरू दगडांवरून टुणटुण पलीकडे. माझा तिसरा दगड हलला, मी बसलो आणि चष्मा वाहून गेला. मग चढण. मुरूम असा घसरडा की दोन पावलं वर, एक खाली. करवंदीच्या काट्यांनी विजार फाडली (तू पाठवलेली, निळी. वाईट वाटून घेऊ नकोस, घट्टच होती). वर मात्र सपाट सडा, वाळलेलं गवत आणि असा वारा की काय सांगू! मोरू म्हणाला, "दादा, गुडघं दुकतान काय?" तेव्हा लक्षात आलं, ओढ्यापासून ते दुखलेच नव्हते. खोटं कशाला बोलू, बाय, मी फार सुखात होतो.

उतरणीचा निम्मा भाग बसूनच केला. गावात पोचलो तर प्रार्थनेला दहा पुरुष हवेत, आणि आपल्या यहुद्यांतला मी एकटा. मोरू घरोघर फिरून नऊ जण घेऊन आला. सगळ्यांच्या डोक्यावर टोपी नाहीतर टॉवेल. उघडं डोकं आपल्याला चालत नाही, हे गाव विसरलेलं नाही. (तुमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना सांगणाऱ्या हझानला यातलं काही सांगू नकोस.) म्हातारे हैबतराव लहानपणी आपल्याकडे प्रार्थनेनंतरचा मलिदा खायला बसायचे, त्यामुळे 'आमेन' कुठे म्हणायचं ते त्यांना माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक. मोरू दर वर्षी बाबांच्या कबरीला चुना लावतो, पांढरीशुभ्र होती. मी तिला हात लावून पोटभर रडलो. मग मलिदा वाटला, त्यांनी मडक्यात भाजलेली वालाच्या शेंगांची पोपटी खाऊ घातली, आणि रोह्याहून गाडीने परत आलो.

पाय गरम पाण्यात सोडून लिहितोय. पाणी गार झालं, म्हणून आवरतं घेतो.

तुझा,
एलियास

ता. क. सांगणार नव्हतो, पण राहवत नाही. मलिदा खाऊन झाल्यावर हैबतरावांनी चुना खरवडून नाव वाचलं. रूबेनकाका! मोरूला अक्षरओळख नाही. सत्तावीस वर्षं तो काकांनाच रंगवत होता. फणसाच्या झाडावरून भांडून मरेपर्यंत बाबांशी न बोललेले ते काका! बाबा शेजारीच, करवंदीत. मोरू बिचारा रडकुंडीला आला. हैबतराव म्हणाले, "सख्खं भाव ना? घेतील वाटून." मी दोघांची माती एकत्र केली आहे. पुढच्या जानेवारीत बाबांना चुना लावायला येतो, असा मोरूला शब्द दिलाय.

ता. क. दुसरा. मातीच्या पुडीचा कागद ओळखीचा वाटेल. तो तुझा फॉर्म आहे. घरात दुसरा इतका जाड कागद नव्हता. सही केलेली नाही. रागावू नकोस, त्यापेक्षा जानेवारीत तूच ये. आणि येताना तुझा वाचायचा चष्मा आण, कोण कुठे निजलंय ते एकदा नीट बघून घेऊ.