डाळिंबाच्या पानातला तेल्या

माय, केदारखेड्याच्या त्या डाळिंबाच्या बागेत तेल्या रोग तू नेला नव्हतास. हे मला मागच्या आठवड्यात कळलं. तू जाऊन आता अकरा वर्षं झाली.

मी आठवीत होते. शाळेसाठी वेगवेगळी पानं गोळा करायची होती म्हणून तुझ्यामागे बागेत आले होते. तू छाटणी करतेस, आणि मालक वाकून पानं उलटीपालटी करून बघतोय. पानांवर तेल सांडल्यासारखे डाग, दोन फळं तडकलेली. सगळ्या बायांसमोर त्यानं तुलाच बोलावलं.

"परवा तू वरच्या बागेत छाटून राह्यल्ती ना? तिथला रोग तूच आणला माझ्या झाडांवर."

"मालक, हातपाय धुऊन, लुगडं बदलून आल्ते मी."

"धुतल्यानं जातंय का? उद्यापासून येऊ नको."

तू कात्री बांधावर ठेवलीस आणि निघालीस. त्यानंतर गावातल्या एकाही डाळिंबवाल्यानं तुला बोलावलं नाही. छाटणीत तुझ्यासारखा हात कुणाचा नव्हता, आणि तू उरलेली वर्षं कापूस वेचण्यात घालवलीस. मी तोडलेलं एक डागी पान तेवढं वहीत राहून गेलं.

आता मी झाडांच्या रोगांवरच काम करते. तेल्या ज्या जिवाणूमुळे होतो त्याचा जीनोम, म्हणजे त्याच्या अंगात लिहिलेली पन्नास लाखांच्या आसपास अक्षरं, आम्ही यंत्रावर वाचून काढतो. दोन ठिकाणच्या जिवाणूंची अक्षरं ताडून पाहिली की रोग कुठून कुठे गेला याचा माग लागतो. वाळल्या पानातूनही ती वाचता येतात हे कळलं तेव्हा मी आपल्या घरातली पत्र्याची पेटी उपसून ती वही काढली. वरच्या बागेतली पानं स्वतः जाऊन आणली. तिथला जिवाणू निराळ्याच घराण्यातला निघाला. आपल्या वहीतल्या पानातला मात्र, मालकानं बाहेरच्या जिल्ह्यातून रोपं आणली होती ना, तिथल्या जिवाणूचा सख्खा भाऊ. रोग रोपांबरोबर आला होता.

माझे सोबती म्हणतात, एका पानावरून शपथ घेऊ नका. बरोबर आहे त्यांचं. आणि बागेत शिरल्यावर तो झाडावरून झाडावर कात्रीनंच फिरला असेल, तुझ्याही. एका झाडानंतर कात्री औषधात बुडवायची असते हे तुम्हा बायांना सांगितलं होतं कुणी?

मी मालकाकडे गेले. म्हातारा झालाय. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तव्हा राग कुठंतरी काढायचाच होता, बाई," तो म्हणाला. "तुमची माय समोर होती."

खूप काही बोलायचं ठरवून गेले होते. चहा पिऊन उठले. त्याला बोल लावायला माझी जीभ रेटेना.

हे पत्र कुठल्याच टपालानं तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. मालकानं तुला काढलं त्या संध्याकाळी तू भाकरी वाढलीस तेव्हा मी "भूक न्हाई" म्हणून उठले. भूक होती, माय. मला तुझ्या हातांची भीती वाटली होती.