मटणाच्या बरण्या

आई, मी मटण बरणीत भरलं. फ्रीजमध्ये नाही, लोणच्यासारखं तेलात बुडवूनही नाही. काचेच्या बरणीत, झाकण लावून, तांदळाच्या डब्याशेजारी फळीवर ठेवलंय आणि ते तिथं वर्षभर जसंच्या तसं राहील. तुला हे खरं वाटणार नाही. कमरेवर हात ठेवून बरणीकडे बघशील आणि म्हणशील, "आधी वास घिऊन बघ की." घरात, ऑफिसात, जिन्यात भेटेल त्याला सांगून झालंय, लोक आता मला बघून रस्ता बदलतात. सांगायची राहिलीस ती तू.

तू गेलीस तेव्हा रांगत होती ती नात आता नर्स झालीय. पार उत्तरेला, डोंगरातल्या एका दवाखान्यात नोकरी करते. तिथल्या मेसमध्ये रोज डाळ आणि बटाटा. सुट्टीला आली तेव्हा गळ्याची हाडं वर आलेली. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "मम्मी, मला तिकडं घरचं मटण पायजे. कसं ते तू बघ." आता सोलापुरातनं एवढ्या लांब, गाड्या बदलत, मटण न्यायचं कसं? मला पहिल्यांदा तुझ्या चान्याच आठवल्या. उन्हाळ्यात मटण जास्तीचं आलं की तू त्याच्या लांब पट्ट्या कापायचीस, मीठ-हळद चोळून दोरीवर वाळत टाकायचीस आणि कावळे हाकलायला मला काठी देऊन उन्हात बसवायचीस. वास साऱ्या गल्लीत जायचा. कुणी नाक मुरडलं की दुसऱ्या दिवशी तुझी दोरी हातभर पुढं सरकलेली असायची. पण तो हात माझ्याकडे नाही, आणि आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत कबुतरांचं राज्य आहे.

मग लेकीनंच मोबाइलवर बरणीत मटण टिकवायचं एक यंत्र शोधून काढलं. यंत्र म्हणजे काय, दांडगा कुकर. लग्नाच्या भाताला पुरेल एवढा, वर घड्याळासारखा काटा आणि कडेनं फिरवायच्या जाड मळसूत्री चाव्या. खोक्यातनं बाहेर आला तसे हे दोन पावलं मागं सरले. "बॉम्ब हाय का काय? माझी खुर्ची हितनं हलवा." मला मात्र कधी एकदा पेटवते असं झालं होतं. बरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं, गाव समुद्रापासून जितकं उंच तितका दाब जास्त द्यायचा. सोलापूर किती उंचावर आहे हे मी जन्मात पहिल्यांदा शोधलं आणि उगाच अभिमान वाटला. मसाला घालायचा नाही, कूट नाही, वाटण नाही, कारण रस्सा दाट झाला की आतपर्यंत उष्णता पोचत नाही. बरणीत नुसतं मटण, मीठ आणि पाणी, आणि झाकण लावून ती बरणीच कुकरात ठेवायची. म्हणजे आपलं आळणीच की, मसाला घालायच्या आधी तू आम्हा पोरांना वाटीत काढून द्यायचीस ते.

हे सगळं मजेचं. पण त्याच पुस्तकात असंही होतं की दाब कमी पडला किंवा वेळ चुकली, तर बंद बरणीत विष तयार होतं. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. हे वाचल्यावर मी जरा खाली बसले. तुझं सगळं शास्त्र नाकात होतं, आई. डबा उघडून एकदा हुंगलंस की खायचं का टाकायचं ते ठरलं. इथं नाक बिनकामाचं, आणि खाणार कोण तर माझी एकुलती एक पोर, माझ्या हाकेच्या बाहेर.

पहिला घाणा मी वाया घालवला आणि त्यात तुझाही हात आहे. वेळ भरली, गॅस बंद केला आणि मी सरळ उलथन्याच्या दांड्यानं वरचं वजन उचललं. फस्सकन वाफ. तू असंच करायचीस ना? "पोरांस्नी भूक लागलीया, त्या कुकरला काय कळतंय," म्हणत शिट्टी वर करायचीस. आपल्याकडं कुठल्या घरात बाई कुकर आपसूक उतरायची वाट बघते? पण इथं दाब एकदम उतरला तशा आतल्या बरण्या उकळून वर आल्या, रस्सा बाहेर, चरबी झाकणाच्या फटीत, आणि एकही झाकण बसलं नाही. मधोमध बोट दाबलं की टुकटुक वरखाली. ते मटण आम्ही आणि शेजाऱ्यांनी मिळून त्याच दिवशी संपवलं. ह्यांना हा प्रयोग फार आवडला.

लेकीला रविवारी निघायचं होतं. गुरुवारी परत सगळं मांडलं. काठ पुसून पुसून कोरडे केले. वेळ भरल्यावर गॅस बंद केला आणि उलथनं लेकीच्या हातात देऊन तिला म्हणाले, "हे घिऊन तू बाहेरच्या खोलीत जाऊन बस." काटा काय उतरेना. मी पदरात हात गुंडाळून बसले, आई, माझ्यासारखी बाई. शेवटी काटा शून्यावर आला, लेकीला हाक मारली, झाकण काढलं, एकेक बरणी चिमट्यानं उचलून जुन्या चादरीच्या घडीवर ठेवली. आत रस्सा अजून खदखदत होता. आम्ही दोघी कान देऊन उभ्या. आणि टक्. पहिलं झाकण आत ओढलं गेलं. मग दुसरं टक्. लेकीनं माझा दंड एवढा आवळला की वळ उठला. शेवटचं झाकण बसलं तेव्हा मी सैपाकघरातच फुगडीचा एक फेरा घेतला, या वयात, या गुडघ्यांनी.

काल तिचा फोन आला. कांदा-लसणाला तिखटाची फोडणी देऊन, पाचदहा मिनिटं चांगलं उकळून, मैत्रिणींबरोबर खाल्लं. "रस्सासुद्धा न्हाय उरला, मम्मी." फोन ठेवल्यावर मी ते ह्यांना दोनदा सांगितलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, म्हणून एवढं सांगते. ती निघायच्या आधी, शुक्रवारी, ती बाजारात गेल्यावर मी एक बरणी उघडली. उकळल्याशिवाय खायचं नाही असं तिला बजावलेलं, पण मी तशीच गार खाल्ली, ओट्यापाशी उभ्यानं. एका बरणीवरनं दुसरीची खात्री होत नाही आणि हा शुद्ध वेडेपणा आहे, हेही कळत होतं. तरी खाल्ली. मग रविवारपर्यंत स्वतःवरच पाळत ठेवली, नजर नीट आहे ना, घास गिळतोय ना. तेव्हा ध्यानात आलं. पावसाळ्यात चान्यांचा डबा पहिल्यांदा उघडलास की सकाळी तू एकटीच चुलीपाशी दोन तुकडे भाजून खायचीस आणि आम्हाला पार रात्री द्यायचीस. आम्ही भावंडं चिडवायचो, आई हावरी हाय. तू नुसती हसायचीस.

रविवारी पिशवी भरताना लेकीनं बरण्या मोजल्या. "मम्मी, एक कमी हाय."

"मी खाल्ली. राहवलं न्हाय."

"लईच हावरी हायस तू," ती म्हणाली.

मी म्हणाले, "व्हय."