झऱ्याची वाट

दि. ४ मार्च

चि. चिमणीस, आत्याचे अनेक आशीर्वाद.

आदिवासी मुलांनी स्वतः काढलेल्या लघुपटांच्या महोत्सवात तुझा बारा मिनिटांचा लघुपट घेतला, हे दवाखान्यात सगळ्यांना सांगून झालं. पण माझा जीव थाऱ्यावर नाही. परवा एक चकचकीत बूटवाला साहेब बोट कापलंय म्हणून पट्टी बांधायला आला. जखम काही दिसेना. डोंगरातला बारमाही झरा कुठे, असं तीनदा विचारलं, वर तुझ्या लघुपटात तो दिसणार का, हेही विचारलं. त्याला म्हणे बाटल्यांत पाणी भरायचा कारखाना काढायचाय.

मागे असाच एकजण कॅमेरा घेऊन आला, तुझ्या आजोबांना चारचारदा नदीत उतरवलं, आणि वर्षभरात काठाला तारेचं कुंपण पडलं. झरा गेला तर वरच्या चाळीस घरांना प्यायला दुसरं पाणी नाही. खरं सांग, तुला कॅमेरा कोणी दिला?

तुझी काळजीवाहू आत्या

दि. ११ मार्च

ती. आत्यास शि. सा. न.

पत्र वाचून आधी रडू आलं, मग राग. कॅमेरा महोत्सवाचा आहे आणि तो चालवणारे आपलेच आदिवासी आहेत. आजोबा घरातून निघून झऱ्यावर पोचतात, एवढीच गोष्ट आहे. हो, सगळी वाट दिसते. त्याबद्दल पत्रात जास्त लिहीत नाही. हल्ली पाकिटं उघडून परत चिकटवलेली येतात, असं तूच म्हणाली होतीस. शनिवारी शाळेच्या भिंतीवर दाखवणार आहोत. बघ, मग हवं तेवढं बोल.

लोभ कमी केलास तरी थोडा शिल्लक ठेव.

तुझी चिमणी

दि. २५ मार्च

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुझ्याशी न बोलता निघाले, त्याचं कारण लिहिते. जोडखडकापाशी आजोबा डावीकडे वळले आणि अख्खी शाळा हसत सुटली. आपलं शेंबडं पोरही तिथे उजवीकडे वळतं! मला वाटलं, शहरात राहून पोरगी वाट विसरली. पाणीसुद्धा जुन्या खाणीतल्या डबक्याचं दाखवलंस. लाजेने मान खाली घालून उठले, तर मागच्या ओळीत तो बूटवाला. तो एकटाच हसत नव्हता, भराभर लिहून घेत होता.

आठ दिवस झाले, त्याचं यंत्र त्या डाव्या वाटेवरच्या बोडक्या टेकडीवर भोकं पाडतंय. काल पायाला फोड आले म्हणून आला. या खेपेस जखम खरी होती. मी पट्टी बांधली आणि त्याला म्हणाले, लघुपट पुन्हा एकदा नीट बघा.

घरी येऊन आजोबांना विचारलं. खोटी वाट त्यांनीच सुचवली म्हणे, तीनदा चालूनही दाखवली. पोटच्या पोरीला का नाही सांगितलं, विचारलं, तर म्हणाले, दवाखान्यात सगळ्यांना सांगून झालं असतं.

चिमणे, रात्रभर तेच डोक्यात आहे. त्या बूटवाल्याला तुझा लघुपट कळला कुठून? मी जगावर संशय घेतला, माझ्या जिभेवर तेवढा घ्यायचा राहिला.

लोभ होता तसाच आहे. पुढचा लघुपट काढशील तेव्हा मला काही सांगू नकोस.

तुझी आत्या