भिंतीवर आपोआप चढलेले कॅमेरे

रविवार, ९ तारीख
दुपारी, दुकानातून

प्रिय काका,

वाकून नमस्कार. तू नेहमीसारखे पाय मागे घेशील, म्हणून लांबूनच करते.

आम्ही सगळे मजेत. म्हणजे आई बरी आहे, मी बरी आहे आणि बाबा 'मला काय धाड भरलीय' असं म्हणतात. तू वेळेवर जेवतोस का, हे आईने विचारायला सांगितलंय. 'हो' असं उत्तर आलं तर विश्वास ठेवू नको, हेही तिनेच सांगितलंय.

आज दुकान बंद आहे. शटर अर्ध्यावर ओढून मी आत बसले आहे. गिऱ्हाइकांना दाखवायला लावलेले आपले कॅमेरे मात्र सुट्टी घेत नाहीत. पडद्यावर आठ चौकोन उजळलेले आहेत. एकात रस्ता, एकात जिना, एकात नुसती भिंत आणि तिच्यावरून हळूहळू सरकणारं ऊन. एका चौकोनात पाठमोरी बसून काहीतरी लिहिणारी मुलगी आहे. ती मी आहे हे कळायला मला दर वेळी एक क्षण लागतो. कुणीतरी शांत झोपलंय आणि आपण सगळे त्याच्या स्वप्नात हलतो आहोत, असं वाटत राहतं.

माझं पदवीचं प्रमाणपत्र बाबांनी गल्ल्याच्या मागे टांगलंय, तेही बरोबर कॅमेऱ्यासमोर. मी विचारलं, हे कोण चोरणार? म्हणाले, "आपल्या घरात पहिल्यांदाच आलंय. नजर ठेवलेली बरी."

तू गेल्यापासून कामं कमीच झाली आहेत. दोन मुलं रोजावर येतात, त्यांची वायरवरची प्लास्टिकची पट्टी वाकडी जाते आणि बाबा काही बोलत नाहीत. बाबा बोलत नाहीत, यावरून काय ते समज.

काका, जुन्या रेकॉर्डरमध्ये तू अजून आहेस. कॅमेरा बसवून झाला की तू शिडीवरून उतरायचास आणि एकदा त्याच्यासमोरून चालत जायचास, आठवतं? इकडे दुकानात बाबा पडद्यासमोर फोन कानाला लावून म्हणायचे, "दिसतोस, दिसतोस. जरा डावीकडून ये." ती सगळी चालणी तशीच आहेत, बाबांनी पुसलेली नाहीत. दुपारी वेळ असला की मी लावून बघते. रिकाम्या दवाखान्यातून तू चालत जातोस. मग रिकाम्या गोदामातून. मग शाळेच्या लांब व्हरांड्यातून, जिथे तुझी सावली तुझ्याआधी पोचते. आवाज नाही. कुठे थांबत नाहीस, कुणाकडे बघत नाहीस, एका खोलीतून निघून दुसऱ्याच गावच्या खोलीत शिरतोस. बघता बघता माझे डोळे मिटतात आणि पुढचं मी झोपेत बघते.

आता कामाचं सांगते. मघापासून तेच टाळते आहे.

कर कार्यालयातून बाबांना बोलावणं आलं होतं. मी आणि आपला हिशेबनीस, आम्ही दोघं बरोबर गेलो. अधिकारी बाई होत्या. आवाज मऊ, पण प्रश्न मऊ नाहीत. त्यांनी आपल्या मागच्या वर्षांच्या सगळ्या बिलांचा गठ्ठा पुढे घेतला आणि म्हणाल्या, "कॅमेरे विकलेत, वायर विकलीत, पट्ट्या विकल्यात. या सगळ्यावरचा कर वेळच्या वेळी भरलाय. छान. आता मला सांगा, बसवलं कोणी? मजुरी कुठेच दिसत नाही. आपोआप चढले का भिंतीवर?"

तुला माहीतच आहे, आपण बिल मालाचंच करायचो. बसवण्याचे पैसे रोख, तुझ्या हातात, आणि तुझ्या हातातून घरात. लबाडी करतोय असं कुणाला वाटलंही नसेल. सगळ्या गल्लीची हीच रीत होती. पण त्या रीतीमुळे कागदावर तू कधी शिडी चढलाच नाहीस. हे मला कॉलेजात शिकूनही उमगलं नव्हतं. बाईंनी विचारल्यावर उमगलं.

हिशेबनिसाने बाबांकडून उत्तर पाठ करून घेतलं होतं: गिऱ्हाईक आपापला माणूस बघतं, आमचा संबंध नाही. एवढं म्हटलं की सुटलो. मला ते पटत नव्हतं. आदल्या दिवशी मी बाबांशी त्यावरून भांडलेही होते. ते म्हणाले, "तुझी तत्त्वं भिंतीवर टांगलीत ना, तिथेच राहू दे."

बाबांनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. ते वर बघत होते. बाईंच्या कपाटाच्या वर, कोपऱ्यात, एक कॅमेरा होता.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"हा माझ्या भावाने बसवलाय."

"तुम्ही विकलात?"

"ते आठवत नाही. कुणा ठेकेदाराने नेला असेल. पण बसवलाय त्यानेच. पट्टी बघा बाई. कोपऱ्यात कापून जोडलेली नाही, अखंड वळवून नेलीय. गरम पाण्यात बुडवून वळवायचा. मी ओरडायचो, एका कोपऱ्याला अर्धा दिवस लावतोस म्हणून."

हिशेबनिसाला असा काही खोकला आला की बाईंनी स्वतःचा पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"म्हणजे भाऊ तुमच्याकडे नोकरीला होता?"

"नोकरीला कसा असेल? भाऊ आहे."

"भाऊ असा रकाना नाही माझ्याकडे. पगारी माणूस लिहू, ठेकेदार लिहू, की भागीदार?"

खिडकीत पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत होते. त्यातला एक खाली पडला, तो बाबांनी उचलून बाईंच्या टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "भागीदार लिहा. पहिल्या दिवसापासून."

काका, तू बँकेच्या कर्जासाठी बाबांकडे एक साधं पत्र मागितलं होतंस, की हा इतकी वर्षं माझ्याकडे काम करतो. तेव्हा ते 'घरच्या माणसाला कागद कशाला' म्हणाले, आणि तू ड्रिल टेबलावर ठेवून निघून गेलास. मी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्याच माणसाच्या तोंडून मी हे ऐकलं.

आता यातलं वाईट, ते मी लपवणार नाही. भागीदार म्हणजे दुकान अर्धं तुझं, आणि जो कर भरायचा राहिला त्यातलाही अर्धा तुझा, व्याजासकट. बाई हप्ते बांधून द्यायला तयार आहेत. तुलाही दर वर्षी विवरणपत्र भरावं लागेल. ते मी भरून देईन, पण सही तुझी लागेल. बदल्यात तुझी सगळी वर्षं कागदावर येतील आणि बँकेतला माणूस 'तुमचं उत्पन्न दिसत नाही' असं पुन्हा म्हणू शकणार नाही.

बुधवारी सकाळी अकरा वाजता तू तिथे येऊन 'होय, मी भागीदार होतो' असा जबाब द्यायचा आहे. नाही आलास तर बाबांचा जबाब एकट्याचाच राहील. मग सगळा कर आणि वर दंड त्यांच्यावर येईल, आणि तो दुकान विकल्याशिवाय फिटणार नाही. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. तू न येण्याचा तुला हक्क आहे. तसं झालं तर मी तुला एका शब्दाने दोष देणार नाही, आईलाही देऊ देणार नाही.

मला वाटायचं, कर भरणं म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यात आपलं थोडं तेल घालणं. हसू नकोस. अजूनही वाटतं. फक्त आता असं वाटतं की त्या उजेडात आधी आपल्याच घरचं माणूस दिसायला हवं.

त्या दिवसापासून मला एक स्वप्न पडतं. ऐन दुपार असते, सगळं गाव झोपलेलं, आणि आपण विकलेले सगळे कॅमेरे खोक्यांतून बाहेर येऊन गोगलगायींसारखे भिंती चढत असतात. घाई नाही कुणाला. वर पोचून ते वळून खाली बघतात, कुणीतरी समोरून चालत जाईल म्हणून थांबून राहतात. खाली कुणीच नसतं. मी चालून बघते, पण मी दिसत नाही.

हे पत्र बाबांना न विचारता लिहिते आहे. त्यांनी तुला निरोप दिलेला नाही, त्यामुळे मीही खोटा देत नाही. जे घडलं तेवढं सांगते.

शेवटी बाईंनी भागीदाराचा पत्ता विचारला. तू तो फक्त मला आणि आईला कळवला होतास, म्हणून मी पिशवीत डायरी शोधायला लागले. तेवढ्यात बाबांनी तो घडाघडा सांगून टाकला. नव्या पाण्याच्या टाकीमागची इमारत, तिसरा मजला, जिन्याला लागून हिरवं दार. बाईंनी लिहून घेतलं. बाबा जरा थांबले आणि म्हणाले, "नोटीस घेऊन माणूस जाणार असेल तर त्याला सांगा, बेल वाजत नाही. दाबून परत फिरू नका, कडी वाजवा."

मी तुझ्याकडे अजून आलेले नाही, काका. आईही नाही. बेल बंद आहे, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

आईचे आशीर्वाद. माझा नमस्कार. बाबांचं जे काही असेल, ते तुझ्या दारापर्यंत येऊन गेलेलं आहे.

तुझी,
पदवीधरबाई