तुमचं ‘हं’ कुठे गेलं

ती. काकांना,

आगाऊ पुतणीचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? (तुमच्यापेक्षा तोच जास्त बोलतो.) माझी तब्येत ठणठणीत, अक्कल मात्र आजारी आहे.

मी ऑफिसात नेमकं काय करते, हे काकू दर वेळी विचारते. कॉम्प्युटरमधले कॅमेरा, माइक असले भाग नुसते बसून असले की त्यांना झोपवायचं आणि काम आलं की उठवायचं, म्हणजे बॅटरी वाचते. थोडक्यात, पाळणाघर. यंदा माइक माझ्याकडे होता. दोन सेकंद आवाज आला नाही की मी त्याला झोपवते. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, आणि मी फुशारून तुमच्याही कॉम्प्युटरमध्ये तोच प्रोग्राम घालून आले (तुम्ही नको म्हणाला नाहीत. तुम्ही काहीच म्हणत नाही, हीच तर भानगड आहे).

गोम अशी, की झोपलेल्या माइकला उठायला अर्धा सेकंद लागतो. काकूचे पहिले दोन शब्द गिळले गेले तरी मागे चाळीस वाक्यं उभी असतात. पण तुमचं अख्खं बोलणं म्हणजे एक ‘हं’, तेही मिशीखालून. माइक डोळे चोळत उठेपर्यंत ते संपलेलं असतं.

त्या रविवारी आपल्या कॉम्प्युटरवरच्या कॉलमध्ये मी विचारलं, माझ्या या बेकरीवाल्याशी लग्न करू ना? तुम्ही गप्प. मी कॉल बंद केला, अकरा दिवस फोन केला नाही, रडरड रडले. काकांचा नकार आहे म्हणून त्याला सांगितलं, तर बिचाऱ्याने पावाचे दोन ट्रे करपवले. काल काकू फोनवर कडाडली, “अगं, ते लगेच हं म्हणाले! थोडं थांबून पुन्हा म्हणाले! माझ्या लग्नातसुद्धा एकदाच म्हणाले होते!”

काका, चुकलं माझं. आई-बाबांच्या मागे तुम्हीच मला वाढवलंत. तुमचं गप्प बसणं माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तरी मी माइकवर विश्वास ठेवला, तुमच्यावर नाही.

तुमची,
बडबडी

ता. क. रविवारी पुन्हा विचारणार आहे. आधी जोरात खोका, म्हणजे माइक उठेल. मग म्हणा.

ता. क. २. खोकू नका, काकू काढा पाजेल. तुमचा माइक कधीच झोपणार नाही अशी सोय मी आजच केली आहे. बॅटरी लवकर संपेल, तेवढी वायर लावून बसा.

ता. क. ३. लग्नाचं मी त्याला विचारलं तेव्हा तोही नुसता ‘हं’ म्हणाला. हा होकारच, हे मला लगेच कळलं. सवय तुमच्यामुळेच.