हजेरीवर कोलाप, कागदावर नीमोल

मी, हेंग नीमोल, वय सतरा (कार्डावर एकवीस), मूळ राहणार प्रे वेंग प्रांत, सध्या मुक्काम फ्नॉम पेन्ह, नदीपलीकडच्या चौदा मजली इमारतीची साइट, पत्र्याच्या ओळीतली चौथी खोली, आज रविवारी दुपारी जेवण झाल्यावर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना लिहून ठेवते की माझ्यामागे माझं जे काही आहे त्याचं खाली सांगितलंय तसं करावं.

दबावाचं वाक्य आजोबांच्या कागदात होतं म्हणून घातलं. गावप्रमुख लिहीत होते आणि मी अंगठ्याच्या लाल शाईची डबी धरून उभी होते, तेवढ्यावरून मला मृत्युपत्र कसं लिहितात ते माहीत आहे. माझ्यावर दबाव आहे की नाही ते मला ठरवता येत नाही. कंपनीच्या बोरेतसरांनी शुक्रवारी ट्रेनिंग घेतलं आणि सगळ्यांनाच कागद दिला. म्हणाले, समजा उद्या तुम्ही घरी परत गेला नाहीत, तर कोणाला काय सांगायचं राहील, काय द्यायचं राहील, ते लिहा आणि सोमवारी मला द्या. बाकीच्यांनी तिथेच दोन ओळी खरडल्या. रथाने लिहिलं, माझी मोटारसायकल धाकट्या भावाला चालवू देऊ नये. मी मात्र दोन दिवस कागद घडी करून खिशात घेऊन फिरतेय, कारण वरती नाव कोणतं लिहायचं इथेच माझं अडलं.

कलम एक. नाव.

गळ्यातल्या कार्डावर हेंग कोलाप आहे. ती माझी ताई. ती गावाला असते, तिला सातवा महिना चालू आहे. साइटवर अठराच्या खाली घेत नाहीत म्हणून तिचं कार्ड घेऊन मी आले. आमच्याकडच्या कितीतरी मुली अशाच येतात, त्यामुळे मला त्यात काही वाटलं नव्हतं. फोटोत ताईचे केस मागे बांधलेत, म्हणून मीपण मागे बांधते. अकरा महिने मी कोलाप आहे.

आता मी मेले तर ऑफिसातून गावाला कळवतील की कोलाप मेली. बाबा कागद वाचतील आणि समोर बघतील तर कोलाप मासे साफ करत बसलेली. मग मेलं कोण? सरकारी वहीत ताई मेलेली होईल आणि तिचं बाळ मेलेल्या बाईच्या पोटी जन्माला येईल. त्याचा दाखला कसा करणार? यावर मी खूप विचार केला, पण पुढे सुचत नाही. म्हणून जाहीर करते की जी मेली ती नीमोल. कोलाप जिवंत आहे, तिला कोणी खोडू नये.

पण हे सरांच्या हातात दिलं तर माझं काम जाणार, आणि कार्ड दिलं म्हणून ताईलाही धरतील कदाचित. आणि कोलाप नाव लिहून दिलं तर माझ्याच हाताने मी ताईचं मृत्युपत्र लिहिलं असं होतं. म्हणून हा कागद सरांना द्यायचा नाही. हा माओमावशीच्या तांदळाच्या डब्यात राहील. माओमावशी आमच्या ओळीतल्या सगळ्यांचा स्वयंपाक करते. सरांना काय द्यायचं ते अजून ठरलेलं नाही.

कलम दोन. मरण कोणतं.

सरांनी तक्ता लावला होता. त्यात चार चित्रं. पहिलं, उंचावरून पडून. दुसरं, वरचं काही अंगावर पडून. तिसरं, करंट लागून. चौथं, मशीनमध्ये, नाहीतर भिंत आणि मातीच्या मध्ये सापडून. म्हणाले, साइटवर माणसं मरतात ती बहुतेक या चारांनीच. मग म्हणाले की प्रत्येकाने आपल्या कामाच्या सगळ्यात जवळचं मरण कोणतं त्यावर खूण करा.

मी नवव्या मजल्यावर कडेला माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट, ओढते. ते पहिलं. डोक्यावरून क्रेनची बकेट जाते. ते दुसरं. मिक्सरची वायर पाण्यातून येते, तिला चिकटपट्टी लावलीय. ते तिसरं. मिक्सर धुताना हात आत घालावा लागतो. ते चौथं. मी चारही चित्रांवर खूण केली तर सर म्हणाले, एकच कर, कोलाप, नीट वाच. मला वाचता येतं. सहावीत शाळा सोडली तरी वाचता येतं. पण मी बाकीच्या खुणा खोडल्या आणि तिसऱ्यावरची ठेवली, कारण त्या चित्रातल्या माणसाने माझ्यासारखा चौकडीचा पंचा बांधला होता.

कलम तीन. शुक्रवारी मी मेले होते त्याबद्दल.

सरांना एक मेलेला माणूस हवा होता. सगळे एकमेकांना ढकलत होते. मी सिमेंटच्या गोणींवर टोकाला बसले होते म्हणून मीच सापडले. मला तिथेच आडवं झोपवलं, तोंडावर पंचा टाकला. सरांनी माझं कार्ड उचलून वाचलं आणि मोठ्याने म्हणाले, "ही कोलाप. आज सकाळी साडेनऊला कोलाप मेली. कशाने मेली, सांगा."

"लाजून, सर," रथा म्हणाला.

सगळे हसले. पंच्याखाली मीपण जरा हसले, पण सरांनी ताईचं नाव घेऊन ती मेली असं चाळीस माणसांसमोर सांगितलं होतं, आणि तिला सातवा महिना आहे. आणि आत्ता तर पितरांचे पंधरा दिवस चालू आहेत. उठून सांगावंसं वाटलं की थांबा, हिचं नाव नका घेऊ. मेलेल्याने उठायचं नसतं म्हणून पडून राहिले. हे नाव मी उधार आणलंय, वापरताना जपायला पाहिजे होतं.

ट्रेनिंग सुटल्यावर माओमावशीने मला हाताला धरून खोलीत नेलं. मेल्यासारखं झोपवलेल्या माणसाचा जीव घाबरून अंगातून निघून जातो, त्याला नावाने हाक मारून परत आणावं लागतं. तिने भाताचा गोळा आणि केळं ठेवलं, मनगटाला दोरा बांधला आणि दाराकडे तोंड करून तीनदा म्हणाली, "कोलाप, घरी ये गं. भात वाढलाय, घरी ये."

मी तो भात खाऊन घेतला. तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालंय. माझा जीव बाहेर कुठेतरी उभा असेल तर त्याला ती हाक आपली वाटली का? की तो अजून वाट बघतोय? आणि ताईच्या जीवाने ती हाक ऐकली आणि तो गाव सोडून इथे आला असेल तर? काल मी ताईला फोन केला. म्हणाली पाय सुजलेत. मी विचारलं, बाकी काही वाटतं का, कुठे जावंसं वाटतं का. ती म्हणाली, "तुला काय झालंय गं? ऊन लागलं का?"

कलम चार. वस्तू.

माझी थापी, जिच्या मुठीला मी सायकलची ट्यूब गुंडाळलीय, ती माओमावशीने ठेवावी. तिला उलथनं म्हणून चालेल. रबरी बूट रथाला द्यावेत. त्याला घट्ट होतील, तेच मला पाहिजे. झोपायची झोळी बाबांना. मोबाइल आईला, आणि त्यातला माझा हेल्मेट घातलेला फोटो पुसू नये. डब्यात साठवलेले जे पैसे असतील ते ताईच्या बाळंतपणाला. गावातली कोंबडी माझी आहे की ताईची यावर आमचं भांडण कधी मिटलं नाही. ती ताईला दिली, पण ती माझी होती म्हणून दिली, असं तिला सांगावं.

निळा शर्ट ताईचाच होता. तो परत केला असं समजावं.

पितरांच्या दिवसांत देवळात मेलेल्यांच्या नावांची यादी भिक्षूंना देतात त्यात माझं नाव नीट लिहावं. नीमोल. यादीत कोलाप लिहिलं तर भाताचे गोळे कोणाला पोचतील मला माहीत नाही, पण मला तर नाहीच पोचणार.

कलम पाच. बुजगावण्याचा बेल्ट.

हा माझा नाही, म्हणून देता येत नाही, पण लिहिते. साइटवर सेफ्टी बेल्ट बारा आले. अकरा ऑफिसच्या कपाटात आहेत, अजून प्लॅस्टिकमध्ये. साहेब लोक बघायला येतात तेव्हा निघतात. बारावा फाटकातल्या बुजगावण्याला घातलाय. साइटवर तापाची साथ आली तेव्हा ती फाटकातूनच परत जावी म्हणून माओमावशीने पेंढ्याचं बुजगावणं केलं, त्याच्या हातात लाकडाची बंदूक दिली, आणि सारूनकाकांनी त्याला हेल्मेट आणि बेल्ट घातला. सारूनकाका आमचे मुकादम. म्हणाले होते, हा सगळ्यांच्या वतीने उभा आहे, याला काही झालं नाही पाहिजे.

शुक्रवारी सरांनी विचारलं, बेल्ट नीट कसा बांधायचा कोणाला दाखवता येईल, तर कोणालाच येईना. शेवटी सरांनी बुजगावण्यालाच दाखवलं. साइटवर बरोबर बांधलेला तो एकटाच होता. सारूनकाका खाली बघत होते. मला त्यांचा राग आहे का? अकरा महिने त्यांनी मला कधी शिवी दिली नाही. तरी थोडा आहे, असं लिहून ठेवते.

कलम सहा. तक्त्यात नसलेलं.

हे मला आत्ता लिहिताना कळलं, आधी कळलं नव्हतं. गेल्या महिन्यात दहाव्या मजल्यावरून वीट सुटली. सारूनकाका ओरडले, "कोलाप, बाजूला हो." मी ऐकलं, आणि ताई कुठे आहे म्हणून मागे वळून बघितलं. खरंच बघितलं. वीट माझ्या टाचेमागे पडून फुटली. सगळे म्हणाले, पोरगी बहिरी आहे. मी बहिरी नाही. मला हाक पोचते, पण ती आधी ताईकडे जाते आणि मग माझ्याकडे येते. सर म्हणाले होते, पहिल्या हाकेला हललात तर वाचलात. मी दुसऱ्या हाकेला हलते.

तर माझं मरण हे आहे. यावर खूण करायला तक्त्यात चित्र नव्हतं.

वरील सर्व मी समजून उमजून लिहिलं. जेवढं समजलं तेवढं.

पुढचं साक्षीदारांनी वाचल्यावर वाढवलं, तेही यातच धरावं.

साक्षीदार दोन लागतात. माओमावशीला वाचता येत नाही म्हणून रविवारी संध्याकाळी सारूनकाकांना बोलवावं लागलं. मला वाटलं होतं ते नुसता अंगठा उठवतील. पण ते डब्याजवळ मांडी घालून बसले आणि मावशीसाठी मोठ्याने वाचायला लागले. पहिल्याच ओळीला थांबले.

"हे नीमोल कोण?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं.

"आणि सतरा?"

मी मान हलवली. माओमावशी म्हणाली, "मला वाटलंच होतं. हाक मारली की आधी इकडे तिकडे बघते. पण काय गं बाई, मी बसले दुसरीचाच जीव बोलवत, आणि तू भात खाऊन घेतलास."

काका पुढे वाचत गेले. पाचव्या कलमाला ते जरा हळू झाले, पण सगळं वाचलं, राग आहे ते पण. सहावं संपल्यावर त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला. मला वाटलं आता हाकलणार. ते म्हणाले की ती वीट त्यांच्या हातून सुटली होती. हे कोणालाच माहीत नव्हतं. महिनाभर ते मलाच बहिरी म्हणत होते.

मग ते उठून फाटकाकडे गेले. पावसाने बेल्टचं बक्कल गंजलं होतं, त्यांना बराच वेळ लागला. परत आले तेव्हा हातात बेल्ट होता आणि बाहीवर पेंढा. मावशी म्हणाली, त्याचा काढला, आता त्याचं काय?

"तो पेंढ्याचा आहे. पडला तर उचलून ठेवू."

त्यांनी ठरवलेलं असं. मला अठरा होईपर्यंत मी आत खोल्यांना गिलावा करायचा, कडेला ते स्वतः जाणार, हा बेल्ट घालून. उरलेले अकरा सोमवारी सकाळी कपाटातून निघतील, चावी त्यांच्याकडेच असते. सरांना द्यायला मी दुसरा कागद करायचा, त्यावर फक्त मिक्सरची वायर बदला एवढंच लिहायचं, आणि नाव लिहायचंच नाही. कार्डावर आहे ते कार्डावर राहील. मी विचारलं, हे चालतं का? ते म्हणाले, ते त्यांनाही कळत नाही. मला तेवढ्याने बरं वाटलं.

मावशीने दोरा सोडून नवा बांधला. भाताचा गोळा पुन्हा नवा केला, केळं मात्र अर्धंच उरलं होतं. आधी तिने कोलापला सांगितलं की बाई, चूक झाली, तू तुझ्या घरी जा, पाय जपून टाक. मग दाराकडे तोंड करून तीनदा म्हणाली, "नीमोल, घरी ये गं. भात वाढलाय, घरी ये." माझं नाव या साइटवर मोठ्याने घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं, का ते माहीत नाही.

आज सोमवारी मी आत भिंतीला माल मारत होते. पाठीमागून कोणीतरी ओरडलं, "नीमोल!" मी थापी टाकून भिंतीला चिकटले. काहीच पडलं नव्हतं. सारूनकाका दारात बेल्ट घालून उभे होते.

"एका हाकेत," ते म्हणाले. "आता मर बघू कशी मरतेस ते."

रथाने विचारलं, नीमोल कोण? काका म्हणाले, आतल्या खोलीतली. त्याने पुढे विचारलं नाही. बूट त्याला द्यायचं मी रद्द करत नाही.

बाकी मृत्युपत्र रद्द करायचं की ठेवायचं ते मला कळत नाही. मावशी म्हणते, डब्यात काही वजन नाही त्याचं, असू दे. म्हणून ठेवते. ताईला फोन केला, सूज उतरलीय.

साक्षीदार:
माओमावशी, स्वयंपाक, चौथ्या खोलीसमोर (अंगठा)
सारून, मुकादम (सही आणि अंगठा दोन्ही, शाई जास्त लागली)

ठिकाण: फ्नॉम पेन्ह, नदीपलीकडची साइट
दिवस: पितरांच्या पंधरवड्यातला सहावा, रविवार. वाढवलं ते सातव्या दिवशी, सोमवारी.

लिहून देणार: हेंग नीमोल
(ही सही अकरा महिन्यांनी केली, म्हणून जरा वाकडी आली आहे. माझीच आहे.)