सखूबाईच्या टाचा

मंठा, मार्गशीर्ष वद्य पंचमी, दिवेलागण

आज एका बाईनं मला आसन शिकवलं. मला! पाच हिवाळे झाले, पेठेतल्या दुकानदारांना पहाटे आसनं शिकवून राह्यलो. माझ्याइतकं स्थिर शीर्षासन अख्ख्या मंठ्यात कुणाचं न्हाई, हे बिलकुल खरं.

वर्ग सुटल्यावर माझ्या मेथीच्या वाफ्यात उभ्यानं वाकून खुरपत होतो. कंबर धरली. शेजारच्या मळ्यातली सखूबाई हसली. "मास्तर, गुडघे कशाला दिले देवानं? उकिडवं बसा की!"

बसलो. हातभर सरकलो न्हाई तोच टाचा उचलल्या अन् मागं पडलो, थेट मेथीवर. सखूबाईच्या टाचा जमिनीला चिकटलेल्या. साठीची बाई, तासभर तशीच सरकत, खुरपत, वर बोलत होती.

हेच आसन मी शिकवतो. एकाही दुकानदाराची टाच टेकत न्हाई. दोष त्यांच्या पोटाला अन् गादीला द्यायचो. अन् माझी टाच? दाखवताना क्षणभर बसून लगेच उठायचो, म्हणून कधी कळलंच न्हाई.

लाज वाटली का? थोडी. पण मेथी झकास आली आहे अन् तणही झकास. मंग ठरवलं, उद्या वर्ग माझ्या मळ्यातच. सखूबाईला विचारलं, शिकवाल का? म्हणाली, "त्यात शिकवायचं काय? माझ्या मागं या, फक्त भाजी तुडवू नका."

वाफे बारा, शिष्य अकरा. बराबर आहे. बाराव्या वाफ्यात बारावा शिष्य मी.